वुकाँगच्या तीन घंटा आणि न दिसणाऱ्या भिंती

"रस्ता बंद करायचाच असेल तर दरड कोसळलेली दाखवा, पूल तुटलेला दाखवा. समोर मोकळी पायवाट आहे, उतार साधा आहे, पलीकडे देऊळ दिसतंय, आणि आपलं माकड हवेला धडकून जागच्या जागी पाय हलवतंय, हे मला मान्य नाही." शर्मिलाने ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ या व्हिडिओ गेमवर तोफ डागली ती इथून. मग संध्याकाळभर कट्ट्यावर दुसरा विषय निघाला नाही.

मंदार लगेच उसळला. "अगं, पण तो भटकायचा गेम नाहीच. तो लढायचा गेम आहे. ८०च्या वर बॉस, म्हणजे मोठे शत्रू, आहेत त्यात. पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या, त्या काय झाडं बघायला घेतल्या लोकांनी?"

"खप सोड. खपावरून गेम किती लोकांनी घेतला ते कळतं, कसा बांधलाय ते कळत नाही."

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘गेम सायन्स’ या चिनी स्टुडिओचा हा गेम २० ऑगस्ट २०२४ रोजी आला. पाया आहे सोळाव्या शतकातल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या शंभर प्रकरणांच्या चिनी ग्रंथाचा, आणि त्या ग्रंथामागे उभ्या असलेल्या कितीतरी जुन्या लोककथांचा. आपण खुद्द सुन वुकाँग, म्हणजे त्या ग्रंथातलं पराक्रमी माकड, नसतो. यात्रा केव्हाच संपली आहे, वुकाँगच्या सहा इंद्रियांचे अवशेष सहा ठिकाणी विखुरले आहेत आणि एक तरणं माकड ते गोळा करायला निघालं आहे. सहा अवशेष, सहा अध्याय. इक्बालने मध्येच आठवण करून दिली की ज्या भिक्षूची ही यात्रा, तो ह्युएन त्सांग सातव्या शतकात खरोखर भारतात आला होता आणि पुलकेशीच्या राज्याबद्दल, इथल्या माणसांच्या स्वभावाबद्दल लिहून गेला. गेममध्ये त्या भिक्षूला जवळपास जागाच नाही. मला ते खटकत नाही. कथा माकडाची आहे.

मंदारचा मुद्दा लढाईचा होता, आणि त्यात दम आहे. काठी धरायच्या तीन तऱ्हा आहेत: स्मॅश, पिलर आणि थ्रस्ट. हलके फटके बसले की फोकस पॉइंट भरतो, अगदी शेवटच्या क्षणी डॉज केला (उडी मारून वार चुकवला) तरी भरतो, आणि साठवलेला फोकस जड फटक्यात खर्च होतो. पिलरमध्ये माकड काठी रोवून तिच्या टोकावर चढतं, त्यामुळे जमिनीलगतचे वार खालून निघून जातात. "लोक पहिल्या अध्यायातच त्या मोठ्या डोक्याच्या वाँडरिंग वाइटपाशी अडकतात आणि गेमला शिव्या घालतात," मंदार म्हणाला. "चूक काय होते? बॉसने हात उचलला की हे डॉज करतात. तो हात वरच थांबवतो, आणि डॉज संपला की हाणतो. हात खाली यायला लागला की मगच हलायचं. शत्रूला जागीच गोठवणारा इमोबिलाइज मंत्र पहिल्यापासून हाताशी असतो, तो त्याच्या झेपेच्या आधी टाकायचा आणि भरलेला जड फटका डोक्यात घालायचा. नाहीच जमलं तर बाजूने पुढे जा, तो सक्तीचा नाहीच. नंतर येऊन मारलास की त्याचा आत्मा मिळतो आणि तीच डोक्याची धडक तुला वापरता येते."

शर्मिलाने यातलं काहीच खोडलं नाही. उलट तिनेच भर घातली: मेल्यावर कमावलेलं काही जात नाही, फक्त मागच्या देवळीपाशी उठायचं, आणि देवळीत बसून सगळे स्पार्क (कौशल्यांवर खर्च केलेले गुण) फुकट परत घेऊन दुसऱ्या कौशल्यांत लावता येतात. म्हणजे एखाद्या बॉससाठी सगळं बळ इमोबिलाइजमध्ये घाला, पुढच्यासाठी काढून डॉजमध्ये घाला. नवख्यांना हे माहीत नसतं म्हणून ते एकाच घडणीवर आपटत राहतात.

"मग भांडण कशाचं?" इक्बालने विचारलं.

"भांडण असं, की या गेमची खरी लोककथा लढाईत नाही. ती आडवाटेला आहे, आणि आडवाटेला जायची इच्छा गेम स्वतःच मारतो."

इथून चर्चेला धार आली. तिने पहिला अध्याय घेतला. काळ्या वाऱ्याच्या डोंगरावर तीन मोठ्या घंटा आहेत: पहिली, ग्वांगझी नावाचा शत्रू ज्वालांचं शस्त्र फिरवत उभा असतो त्याच्या पलीकडे, दुसरी वेळूच्या बनात ग्वांगमोउ या शत्रूपाशी, तिसरी पांढऱ्या धुक्याच्या दलदलीत, पांढऱ्या वस्त्रातल्या सर्पराजाला हरवल्यावर. तिन्ही वाजवल्या की तुम्ही जुन्या ग्वानयिन मंदिरात ओढले जाता आणि समोर म्हातारा महंत जिनची येतो. त्याला पाडलं की अग्निरोधक प्रावरण मिळतं. तीन घंटांचा असा संबंध आहे, हे कोणी सांगत नाही.

"आता मूळ ग्रंथ आठव. त्यात हाच जिनची भिक्षूच्या काषाय वस्त्राचा लोभ धरतो, रात्री मठाला आग लावतो, आणि वुकाँग स्वर्गातून अग्निरोधक आच्छादन उसनं आणतो. म्हणजे बक्षीस उगाच ठेवलेलं नाही. पुढे काळं अस्वल जळत्या देवळात लढतं, तिथे ते प्रावरण पांघरून उतरायचं आहे. कथेतला उतारा तुझ्या हातात दिलाय. इतकं देखणं काम, आणि निम्म्या लोकांच्या ते नजरेला पडत नाही."

दुसऱ्या अध्यायातही तसंच. वाळूच्या गावात एक डुक्करतोंड्या दारू पिऊन पडलेला असतो. त्याला आधी शुद्धीवर आणणारा दगड द्यायचा, मग जेड कमळ, मग तो अंगावर येतो. त्याला हरवून त्याचा माग काढला तर सहाली राज्यात जाता येतं, तिथे फुबान नावाचा डोंगराएवढा किडा आहे, आणि त्याच्यानंतर वारा आवरणारं व्हेसल (जादूचं पात्र) मिळतं. त्या अध्यायाचा शेवटचा बॉस, पीतवायूचा ऋषी, लढाईच्या उत्तरार्धात वाळूचं वादळ उठवतो, तेव्हा ते वापरायचं. वादळ उठायच्या आधीच वापरलं तर वाया गेलं, कारण ते पुन्हा भरायला वेळ लागतो. ग्रंथात हा वारा लिंगजी बोधिसत्त्व आवरतो. गेममध्ये तोच बोधिसत्त्व मुंडकं नसलेला, सान्शियान हे तीन तारांचं वाद्य वाजवत गात बसलेला दिसतो. (ते गाणं शाआन्शी प्रांताच्या उत्तर भागातल्या कथाकथनाच्या बाजात आहे. गेममधली माझ्या मते सर्वांत जिवंत जागा तीच.)

आणि चौथ्या अध्यायातली सुई. कोळिणींच्या गुहेत विषारी ताओपंथी एकदा भेटतो, पिवळ्या फुलांच्या मंदिरात एका खोलीत पुन्हा भेटतो. दुसऱ्यांदा हरला की मागचं भिंतीचित्र उघडतं आणि जांभळ्या मेघांच्या डोंगरावर नेतं. तिथल्या डस्कव्हेलला मारल्यावर विणकराची सुई मिळते. ग्रंथात शतनेत्री राक्षसाचा सोनेरी उजेड पिलानपो बोधिसत्त्वाच्या सुईने फुटतो, आणि ती सुई तिच्या मुलाच्या डोळ्यात तयार झालेली असते. तो मुलगा म्हणजे कोंबड्याच्या रूपातला नक्षत्राधिपती, आणि डस्कव्हेल तोच. हे समजून खेळणाऱ्याला अध्यायाच्या शेवटची लढाई वेगळीच वाटते.

मंदार म्हणाला, "मग हे कौतुकच झालं की. लपवलंय म्हणून सापडल्यावर मजा आहे. प्रत्येक गोष्टीवर बाण दाखवला तर शोधायचं काय?"

"लपव, जरूर लपव. पण लपवायचं तर जमीन खरी हवी. गुडघ्याएवढा कठडा एका ठिकाणी ओलांडता येतो, दहा पावलांवर तसाच कठडा ओलांडता येत नाही. एका कड्यावरून उडी मारली की खाली पेटी सापडते, दुसऱ्या कड्यावर हवेची भिंत. तीनदा नाक आपटलं की माणूस ठरवतो, कडेला जायचं नाही. आणि ज्याने कडेला जायचं सोडलं त्याला घंटाही मिळत नाही, डुक्करतोंड्याही नाही, सुईही नाही."

माझ्या मते अख्ख्या वादातला हा सर्वांत पक्का मुद्दा होता. मंदारचं "न सापडलं तरी गेम संपतोच" हे उत्तर इथे टिकलं नाही. गेम संपतो, पण अर्धाच. ग्वानयिन मंदिर, सहाली, कलिंगडांचं शेत, जांभळ्या मेघांचा डोंगर आणि बिशुई गुहा, ही पहिल्या पाच अध्यायांतली पाचही लपलेली ठिकाणं पुरी केली तरच तिसऱ्या अध्यायातल्या मोठ्या पॅगोड्यातलं चित्र उघडतं, पलीकडे मेई पर्वतावर स्वर्गाचा योद्धा एर्लांग भेटतो आणि खरा शेवट दिसतो. सक्ती नाही म्हणायचं आणि शेवट मात्र त्याच्यावर टांगायचा, याला काय म्हणायचं?

नकाशाचा विषय इक्बालने काढला. पहिले काही महिने गेममध्ये नकाशाच नव्हता. डिसेंबर २०२४च्या अपडेटमध्ये आला. शर्मिलाच्या मते तो मलम आहे, इलाज नाही: कुठे आहोत ते कळतं, पण कोणता उतार खरा आणि कोणता नुसता देखावा ते कळत नाही. तिने पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या ‘राजी’चं उदाहरण दिलं. २०२०चा तो छोटा गेम, अचानक संपतो ही तक्रार रास्तच, पण त्यात कॅमेरा बांधलेला आहे. दिसतं तेवढंच बहुतेक चालायचं असतं, त्यामुळे डोळे आणि पाय यांची फारकत होत नाही. वुकाँगने कॅमेरा मोकळा सोडला आणि चीनमधली ३६ ठिकाणं मोजमाप घेऊन उभी केली, त्यांतली २७ एकट्या शान्शी प्रांतातली (हा शाआन्शीहून वेगळा, त्याच्या शेजारचा). शिश्येन तालुक्यातल्या शियाओशितियानच्या लटकत्या मूर्ती तिसऱ्या अध्यायात पाहून थांबावंसं वाटतं. इतकं खरं दाखवलं की माणूस तिथे जाऊ पाहणारच.

"हे मात्र खरं, की स्कॅन केलेल्या जागेत कुंपण लपवणं अवघड जातं," इक्बाल म्हणाला. "पण सहाव्या अध्यायाला ती सबब नाही." फुलाफळांच्या पर्वतावर अखेर ढगावर बसून उडायला मिळतं, भिंती जवळपास नाहीत, आणि नेमकं तिथेच रान रिकामं आहे. चार मोठ्या शत्रूंकडून सुवर्णकवचाचे चार भाग मिळवायचे आणि मधल्या माळावरून नुसतं उडायचं. यावर मंदारसुद्धा काही बोलला नाही.

यंत्राचा भाग इक्बालने झटकन उरकला. किमान १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि १३० जीबी जागा लागते. ती जागा एसएसडीवर द्या. पहिल्यांदा सुरू केल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होताना घाई करू नका. फ्रेम जनरेशन (मधल्या जादा चित्रचौकटी यंत्राने स्वतः भरणं) लावायचंच तर त्याच्याशिवाय सेकंदाला साठच्या आसपास फ्रेम मिळत असतील तरच लावा. नाहीतर चित्र न अडखळता हलताना दिसतं, पण बटण दाबल्यावर माकड उशिरा हलतं, आणि मग परफेक्ट डॉज हुकला की लोक बॉसला दोष देतात.

"बरं, तू असतीस तर काय केलं असतंस?" मंदारने शेवटी विचारलं.

"दोन गोष्टी. जिथे जाता येत नाही तिथे माकडाला स्वतःहून पाय मागे घ्यायला लावलं असतं, म्हणजे भिंत हवेत न राहता त्याच्या अंगात आली असती. आणि पहिली घंटा वाजली की बाकीच्या दोन घंटांचा बारीक प्रतिसाद लांबून ऐकू आणला असता. बाण नको, खूण नको. हेडफोन लावून खेळणारा तेवढ्यावर जातो."

"घंटेचं मान्य," मंदार म्हणाला. "पाय मागे घेण्याचं नाही. लढाई चालू असताना कडेपाशी माकड आपणहून मागे सरकलं तर माझा डॉज जाईल."

"लढाई नसताना म्हणतेय मी."

"मग आधी तसं सांग ना."

त्यावर दोघं पुन्हा तिसऱ्या अध्यायातल्या बर्फाच्या उतारांवर घसरली, आणि इक्बाल उरलेल्या चहाचे पैसे द्यायला उठला.