"माझ्याकडे बघ बरं!"

बस झालं आता. स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल दिसलं रे दिसलं, की जो तो त्याची हनुवटी धरून तोंड वर करतो. "माझ्याकडे बघ बरं!" अहो, कशाला? नजर भिडवण्यातच त्याची सगळी शक्ती खर्ची पडली तर तुमचं ऐकणार कोण? ते खिडकीकडे बघत शब्दन् शब्द ऐकत असतं. पण नाही, आम्हाला डोळेच हवेत!

मग प्रश्नांची सरबत्ती. उत्तर जुळवायला त्याला दहा-दहा सेकंद लागू शकतात. तुम्ही चौथ्याच सेकंदाला तोच प्रश्न शब्द फिरवून विचारता, की जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून! एकदाच विचारा, छोट्या वाक्यात, आणि मनातल्या मनात दहा मोजा. गप्प बसणं इतकं जड जातं?

हात फडफडवले की "हात खाली!" का? कुणाचं काय बिघडतंय? त्यातूनच ते स्वतःला सावरत असतं. शेवटी कान झाकून किंचाळलं, की निदान तयार: लाडावलंय! मिक्सरची घरघर, ट्यूबलाइटची गुणगुण, शर्टाचं मानेला टोचणारं लेबल, हे तपासायला कुणाला वेळ आहे? त्या क्षणी उपदेश नको. आवाज बंद करा, दिवा मंद करा, बघ्यांना हटवा.

आणि ती लस! म्हणे लसीमुळेच मूल स्वमग्न होतं. ज्यावरून हे पसरलं, तो १९९८चा १२ मुलांवरचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१०मध्ये मागे घेतला. तरी अजून फॉरवर्ड सुरूच.

वर अशा प्रत्येक मुलात काहीतरी अचाट असायलाच हवं, म्हणून हमखास प्रश्न, "मग याच्यात खास गुण कुठला?" कॅलेंडर पाठ नाही हो त्याचं. त्याला फिरते पंखे आवडतात. चालेल?