लॅटिन 476 साली मेली नाही, तिची मोडतोडही झाली नाही

"इ.स. 476 मध्ये रोम पडलं आणि लॅटिन मेली. रानटी टोळ्यांनी आणि अडाणी प्रजेने आळसाने विभक्ती टाकून तिची मोडतोड केली, त्यातून फ्रेंच, स्पॅनिश, रोमानियन या भेसळीच्या भाषा निघाल्या. शुद्ध उरली ती फक्त इटालियन." हा मजकूर सारखा फिरत असतो. त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे.

"476 साली मेली"

त्या वर्षी ओडोआकर या सेनानीने पश्चिम रोमचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलसला गादीवरून उतरवलं, एवढंच. बोलीतले बदल त्याच्या कितीतरी आधीचे. 79 साली ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात एका भिंतीवर 'जो प्रेम करतो त्याचं भलं होवो' अशा अर्थाची ओळ आहे. व्याकरणाप्रमाणे तिथे 'आमात, वालेआत' हवं; लिहिलंय 'आमा, वालिआ'. शेवटचा 'त्' तेव्हाच गळत होता. सम्राट ऑगस्टसने तर नातू गाययसला 'कालिदुम' (गरम) सोडून 'काल्दुम' म्हणायला सांगितल्याची नोंद क्विन्टिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाने केली आहे. 'कालिदुम' चूक म्हणून नव्हे, तर अवघडल्यासारखं वाटतं म्हणून. आजचं इटालियन 'काल्दो' ते हेच. तेव्हा असली रूपं अडाण्यांची, हेही खरं नाही.

दुसरीकडे, 813 साली फ्रान्समधल्या तूर इथल्या धर्मसभेला प्रवचनं लोकांच्या 'रोमन बोलीत' किंवा जर्मन बोलीत सांगा, असा ठराव करावा लागला. म्हणजे चर्चमधली लॅटिन तोवर ऐकणाऱ्यांना कळेनाशी झाली होती. मधल्या काळात भाषा मेली असा एकही दिवस दाखवता येत नाही.

"विभक्ती आळसाने टाकल्या"

कारण उच्चारात आहे. शब्दाच्या शेवटचा 'म्' आधीपासूनच लेचापेचा होता, इ.स. पूर्व तिसऱ्या शतकातल्या स्किपिओ या रोमन घराण्यातल्या एकाच्या समाधिलेखात 'ओइनोम' (एक) च्या जागी 'ओइनो' कोरलंय. पुढे ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा भेदही बोलीतून गेला. मग 'गुलाब' या शब्दाचं कर्त्याचं 'रोसा', कर्माचं 'रोसाम' आणि दीर्घ 'आ'चं पंचमीचं 'रोसा' ही तिन्ही रूपं कानाला एकच झाली. भेद ऐकूच येईना, तेव्हा 'दे' (-पासून), 'आद' (-कडे) ही शब्दयोगी अव्ययं नामाच्या आधी येऊन ते काम करू लागली.

नवी घडणही त्याच वेळी चालू होती. 'कांतारे हाबेओ' (मला गायचं आहे) हे दोन शब्द जुळून भविष्यकाळ तयार झाला: इटालियन 'कांतेरो', स्पॅनिश 'कांतारे'.

"मोडतोड"

मोडतोडीला नियम नसतो, इथे आहे. लॅटिन 'क्त'चं काय झालं ते पाहा. रात्र (नोक्तेम), आठ (ओक्तो), दूध (लाक्तेम): इटालियनमध्ये नोत्ते, ओत्तो, लात्ते, स्पॅनिशमध्ये नोचे, ओचो, लेचे, रोमानियनमध्ये नोआप्ते, ओप्त, लाप्ते. तसंच शब्दारंभीच्या 'क्ल'चं. किल्ली म्हणजे 'क्लावेम': इटालियन 'क्यावे', स्पॅनिश 'यावे', पोर्तुगीज 'शावी'. या पोर्तुगीज शब्दावरूनच आपली 'चावी' आली.

हे स्वतः ताडून पाहताना दोन ठिकाणी घसरायला होतं. एक म्हणजे लोक कोशातलं प्रथमेचं रूप घेतात. 'नोक्स'मधून 'नोचे' निघत नाही. बहुतेक नामं द्वितीयेच्या रूपातून आली आहेत, म्हणून 'नोक्तेम' घ्यायचं. दुसरं, विद्वानांनी नंतर लॅटिन ग्रंथांतून थेट उचललेले शब्द नियमाबाहेर राहतात. स्पॅनिशमध्ये 'यावे' ही कुलपाची किल्ली आणि 'क्लावे' ही संकेताची. दोघांचं मूळ एकच. दुसऱ्या प्रकारचा शब्द पुढे करून "बघा, नियम मोडला" म्हणणं चूक आहे.

"शुद्ध इटालियन, भेसळीची रोमानियन"

प्रमाण इटालियन ही फ्लॉरेन्सच्या तोस्काना बोलीवर उभी आहे, सीझरच्या लॅटिनवर नव्हे. 'केन्तुम' (शंभर) मधला 'क' इटालियनमध्ये 'च' झाला (चेन्तो), सार्डिनिया बेटाच्या लोगुदोरो भागात मात्र तो 'केन्तु' असा टिकून आहे. रोमानियनमध्ये शंभराला 'सुता' हा स्लाव शब्द आहे, आणि असे उसने शब्द तिथे पुष्कळ आहेत. पण भाषेचं कूळ व्याकरणावरून ठरतं. 'एक फूल' म्हणजे 'ओ फ्लोआरे' आणि 'एका फुलाचं' म्हणजे 'उनेय फ्लोरी'. नामाचं रूप विभक्तीप्रमाणे असं बदलणं इटालियनमधून साफ गेलंय.