शब्द २६ वर्णांचा, गिळायचं मात्र काहीच नाही

'फ्रेंचमध्ये लिहिलेलं अर्धं गिळायचं, शेवटचं व्यंजन मुकं ठेवायचं, उरलेलं इंग्रजीसारखंच पण नाकातून म्हणायचं.' नवशिक्यांत फिरणारा हा सल्ला 'आंतरसरकारीकरण' या अर्थाच्या फ्रेंच नामावर (intergouvernementalisation) घासून पाहा. लिहायला २६ वर्ण, बोलायला १० अक्षरं: अ‍ॅँ-तेर-गु-व्हेर-न-माँ-ता-लि-झा-स्योँ.

अर्धं गिळायचं? इथे गिळण्याजोगा स्वर एकच, 'न'मधला ई (e). तोही सहसा टिकतो, कारण आधी र्, न् आणि पुढे म्. स्वर काढला की तीन व्यंजनं एकमेकांवर आदळतात. 'विकास'साठीच्या शब्दात (développement) तसे दोन ई आहेत. दोन्हींआधी उच्चारी एकेकच व्यंजन, म्हणून दोन्ही गळतात आणि लिहिलेल्या पाच अक्षरांचं 'देव्ह-लोप-माँ' होतं.

शेवटचं मुकं? 'सरकार' म्हणजे गुव्हेरनमाँ, त्यातला टी मुका, हे खरं. पण पुढे स्वराचा प्रत्यय लागला की तोच टी पुढच्या अक्षरात जाऊन 'ता' होतो. शिवाय 'आव्हेक' (सह), 'मेर' (समुद्र) यांतली शेवटची व्यंजनं चक्क ऐकू येतात.

नाकातून? इथे मराठी माणूस हमखास फसतो. 'अंतर'मधला अनुस्वार आपण 'न्' करतो, जीभ दाताला टेकते. फ्रेंच 'अ‍ॅँ'मध्ये ती टेकता कामा नये. 'अ‍ॅ' लांबवा, जीभ न हलवता हवा नाकातूनही सोडा, मग थेट 'ते'वर या. मध्ये 'न्' ऐकू आला तर चुकलं. आणि लिहिलेला प्रत्येक एन नाकात जात नाही: 'नास्योँ' (राष्ट्र), पण पुढे स्वर आला की 'ना-स्यो-नाल' (राष्ट्रीय), साधा न.

इंग्रजीसारखं तर मुळीच नाही. शेवट 'शन' नव्हे, 'सि-ऑन' अशी दोन अक्षरंही नव्हेत, 'स्योँ' एकच. (त्याआधी एस असेल तर मात्र त कायम: 'केस्त्योँ', म्हणजे प्रश्न.) दोन स्वरांमधल्या एका एसचा झ होतो, पण 'झोप'मधला नव्हे: त्यातली जिभेची टेक आणि हकार दोन्ही काढा. सुटा शब्द म्हणताना जोर शेवटच्या अक्षरावर, तेच किंचित लांबतं.

सराव उलटा करा: स्योँ, झा-स्योँ, लि-झा-स्योँ, असं मागून एकेक अक्षर जोडत 'अ‍ॅँ'पर्यंत या. पुढून सुरुवात केली की 'माँ-ता'पाशी इंग्रजी 'मेंटल' तोंडात येतं.