बाटलीबाई

शाळेत नवी समिती नेमायची असली की त्या दिवशी रजेवर असलेला माणूस प्रमुख होतो. मी दातांच्या डॉक्टरसमोर आ वासून पडले होते, तेव्हा इकडे 'बाटलीमुक्त शाळा' या उपक्रमासाठी माझं नाव एकमताने मंजूर झालं. आठवीतल्या पोरांनी लगेच बारसंही उरकलं. बाटलीबाई!

खरं तर विकतच्या पाण्याची बाटली कचऱ्यात टाकणं मराठी घराच्या रक्तात नाही. गाडीत घेतलेली बाटली आधी फ्रिजमध्ये नोकरीला लागते, मग तिची बदली फिनेलवर होते आणि शेवटी मान कापून घेऊन ती मनीप्लांट सांभाळते. आमच्या सासूबाईंच्या देवघरातलं गंगाजल गेली कित्येक वर्षं जिऱ्याच्या सोड्याचं लेबल लावून बसलंय. अशा घरातलं पोरगं शाळेच्या फाटकाबाहेर दहा रुपये मोजतं, चार घोट पितं आणि उरलेली बाटली बाकाखाली लोटून देतं. घरची बाटली आपली असते, शाळेतली कुणाचीच नसते, एवढाच काय तो फरक.

मी प्रबोधनाला लागले. बाटली उलटी करून तळाचा त्रिकोण दाखवला, त्यातला १ म्हणजे पीईटी प्लास्टिक, झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, म्हणून ते वेगळं काढायचं, असं सगळं सांगितलं. मागच्या बाकावरून दाद आली, "बाई, एक नंबर!" मग कायद्याकडे वळले. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे स्ट्रॉ, चमचे, पेले, ताटल्या बंद झाल्या. एका मुलीने हात वर केला. "म्हणजे बाई, स्ट्रॉ घातला तर गुन्हा आणि बाटली तोंडाला लावली तर चालतंय?" मी फळा पुसायला घेतला.

त्याआधी राज्यात बंदी आली ती २३ जून २०१८ पासून. रिकामी बाटली परत दिली की रुपया-दोन रुपये मिळणार, अशी तेव्हा बोलवा होती. आमच्या काही भावी उद्योजकांनी दप्तरात पुस्तकांच्या जागी बाटल्या भरल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्यांना दप्तरासकट हाकललं. बाटलीवर छापलेली एकच सूचना पोरं मनापासून पाळतात: वापरानंतर चुरगळा. ती नेमकी कविता चालू असताना पाळतात.

या सगळ्यात शाळेचं खरं कचरा व्यवस्थापन एकटी मावशी करत होती. शाळा सुटली की ती बाकाखाली वाकून बाटल्या गोळा करायची, उरलेलं पाणी जास्वंदीला घालायची, झाकणं काढून पिशवीत टाकायची आणि पोतं भरलं की भंगारवाल्याला द्यायची. तिने मला बाजूला घेतलं.

"बाई, मोहीम करा, माझं काही नाही. पण दिवाळीचं तेल माझं यातूनच येतं."

मला काही बोलता येईना. तीच पुढे म्हणाली, "आणि पोरं बाटली का घेतात ते विचारलंत का कुणाला? आपल्या कूलरचं पाणी एकदा पिऊन बघा."

प्यायले. कोमट, वर गंजक्या खिळ्याची चव. फिल्टर शेवटचा कधी बदलला हे सांगू शकणारे क्लार्क निवृत्त होऊन गावी गेले होते. रॅलीच्या फ्लेक्सला एका सहीत पैसे मिळाले होते, फिल्टरसाठी मात्र तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता आणि संस्थेच्या सचिवांची सवड लागली. माझी भाषणं, घोषवाक्यं आणि परिपाठातली शपथ एका पारड्यात टाकली तरी फिल्टरचंच पारडं जड. पाणी गार आणि गोड झालं तशी फाटकाबाहेरची विक्री बसली. मावशीने आपला मोर्चा शेजारच्या मंगल कार्यालयाकडे वळवला. तिथे पानापानाशी छोट्या बाटल्या मांडतात आणि वऱ्हाडी त्या अर्ध्याच पितात. लग्नसराई शाळेपेक्षा बरी, असा तिचा हिशेब आहे.

आता पोरं स्टीलच्या बाटल्या आणतात. स्टीलची बाटली बाकावरून पडली की आधी टण्ण होतं, मग ती घरंगळत फळ्यापर्यंत येते आणि अख्खा वर्ग माना वळवून तिला पोचवायला येतो. झाकणाचं वायसर महिनोन्‌महिने कुणी काढून धूत नाही. वर्गात वास कसला येतोय याचा शोध हा माझा नवा तास आहे.

शिवाय त्या हरवतात. स्टाफरूमचं एक कपाट बेवारस बाटल्यांनी भरलं. पालकांच्या ग्रुपवर मी फोटो टाकला, ओळखून घेऊन जा म्हटलं. अंगठे भरपूर आले, माणूस एकही नाही. अखेर पालकसभेच्या दिवशी एक गृहस्थ आले. कपाटासमोर उभे राहून त्यांनी भाजी निवडावी तशा बाटल्या हाताळल्या, दोनतीन झाकणं फिरवून पाहिली आणि सगळ्यांत नवी, निळी बाटली उचलली.

"ही आमच्या रोहनची."

"अहो, पण हिच्यावर 'सानिका, पाचवी ब' लिहिलंय."

"असू द्या बाई," ते बाटली पिशवीत टाकत म्हणाले, "घरी गेल्यावर पुसून घेतो."