दूध बंद केल्याने पॅराथायरॉईड आवरत नाही

"रक्तातले कॅल्शियम वाढले असेल तर दूध-दही आणि ‘ड’ जीवनसत्त्व बंद करा, पाणी भरपूर प्या, गळ्याचे ऑपरेशन करू नका, आवाज जातो आणि थायरॉईडच्या गोळ्या जन्मभर मागे लागतात," असा एक संदेश सध्या हातोहाती फिरत आहे. त्यातला पाण्याचा सल्ला तेवढा बहुतेकांसाठी ठीक आहे.

पहिला घोटाळा नावाचा. पॅराथायरॉईड म्हणजे थायरॉईड नव्हे. गळ्यातल्या थायरॉईडच्या पाठीमागे असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या या बहुधा चार ग्रंथी रक्तातले कॅल्शियम सांभाळतात. प्राथमिक विकारात, म्हणजे या ग्रंथींतच बिघाड होऊन स्राव वाढतो आणि रक्तातले कॅल्शियम चढते तेव्हा, दहापैकी आठ रुग्णांत बिघडलेली ग्रंथी एकच असते आणि तेवढीच काढली जाते. थायरॉईड जागच्या जागी राहत असताना तिच्या गोळ्यांचा प्रश्न येतो कोठून?

दुधाचा मुद्दा वरवर पटतो, म्हणूनच तो अधिक घातक आहे. निरोगी ग्रंथी कॅल्शियम वाढताच आपला स्राव आवरते. गाठ झालेली ग्रंथी पुरेशी आवरत नाही आणि हाडांतून कॅल्शियम ओढत राहते. चार्ल्स मार्टेल या अमेरिकी जहाजी कप्तानाची उंची या रोगाने सुमारे ७ इंचांनी घटली होती; सहा शस्त्रक्रिया फोल ठरल्यावर १९३२ मध्ये बॉस्टन येथे सातव्या वेळी गाठ सापडली, तीही गळ्यात नव्हे, छातीत. आहारातले कॅल्शियम तोडल्यास स्राव उलट वाढण्याचा धोका असतो. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरताही भरून काढावीच लागते, मात्र मनाने नव्हे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आवाजाची भीती निराधार नाही, फुगवलेली आहे. स्वरयंत्राची नस या ग्रंथींच्या अगदी जवळून जाते. परंतु अनुभवी सर्जनच्या हातून तिला कायमची इजा होण्याचे प्रमाण साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी आहे, तर रोग बरा होण्याचे ९५ टक्क्यांच्या आसपास. शिवाय या ग्रंथींचा स्राव, म्हणजे पॅराथायरॉईड संप्रेरक, रक्तातून काही मिनिटांतच ओसरत असल्याने, गाठ काढल्यावर १० मिनिटांत त्याची पातळी निम्म्याखाली आली की नाही, हे रुग्ण टेबलावर असतानाच तपासता येते.

सौम्य विकारात, वय ५० च्या पुढे असून हाडे व मूत्रपिंडे शाबूत असतील, तर नियमित तपासण्या करत थांबताही येते. शस्त्रक्रियेनंतर भुकेली हाडे रक्तातले कॅल्शियम शोषून घेतात आणि काही आठवडे कॅल्शियमच्या गोळ्या लागतात. ‘जन्मभर गोळ्या’ ही आवई बहुधा येथूनच उठली असावी.