जुन्या गाडीच्या हीटरबाबत खुलासा

‘हीटर कमी तापत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळे फिरेल आणि हीटर दुप्पट तापेल’ असा संदेश सध्या खानापूर, बेळगाव आणि निपाणी भागातील वाहनचालकांच्या गटांत फिरत आहे. हा सल्ला चुकीचा आहे.

हीटरला उष्णता मिळते ती इंजिनातून आलेल्या गरम कूलंटपासून, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरणाऱ्या पाण्यापासून. थर्मोस्टॅट म्हणजे तापमानानुसार उघडणारी झडप; तो साधारणपणे ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडू लागतो व तोवर कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही; तो काढला की थंडीत, विशेषतः चोर्ला घाटाच्या उतारावर, इंजिन पुरेसे तापतच नाही, हीटर आणखी गार पडतो आणि डिझेलही जास्त जळते. याच सल्ल्यानुसार थर्मोस्टॅट काढलेली एक जुनी जीप माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर तापमानाचा खाली पडलेला काटा मध्यावर आला.

हीटर कमी तापत असेल तर आधी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पाहावी. (गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.) मग गाडी तापवून बंद करावी आणि हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही पायपांना जपून हात लावून पाहावा. एक गरम आणि दुसरा कोमट असेल, तर हीटरची जाळी गाळाने तुंबलेली असते किंवा आत हवा अडकलेली असते. दोन्ही गरम असूनही केबिन गार राहत असेल, तर दोष ब्लोअरमध्ये (हवा फेकणाऱ्या पंख्यात) किंवा डॅशबोर्डमागच्या हवेच्या झडपेत शोधावा.

थर्मोस्टॅट काढण्याचा तो संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.