वाढ आणि विभाजन : मिक प्रथिनाच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

फळमाशीतल्या मिक या प्रथिनावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाने एवढा वेळ काढून खोडून काढावं, याचा मला आनंद आहे. दोन ओळींत आभार मानून सुटणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. एक, "पेशींची वाढ आणि पेशींचं विभाजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत" हे माझं वाक्य म्हणजे शब्दांचा खेळ आहे. सजीव पेशीविभाजनाने वाढतो हे पाठ्यपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असताना मुलांचा गोंधळ कशाला करायचा? दोन, मिकला मी "कर्करोगाचं प्रथिन" म्हटलं ते भडक आहे. तीन, माशीवरून माणसाबद्दल बोलणं ही उडी आहे. आणि जाता जाता तुम्ही विचारलंत, आंबा नासवणाऱ्या माशीवर एवढं प्रेम कशासाठी?

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझीच आहे. कोकणात फळमाशी म्हटलं की बागायतदाराला आठवते ती पिकायला आलेल्या हापूसमध्ये अंडी घालणारी माशी, जिच्यासाठी झाडाला रक्षक सापळा टांगतात. ती वेगळ्याच कुळातली. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला म्हणजे जास्त पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारं, दोन-अडीच मिलिमीटरचं लाल डोळ्यांचं चिलट. ती आंबणाऱ्या फळावरच्या यीस्टवर जगते, बागेचं नुकसान करत नाही. मी हे पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवं होतं. आता लिहिलं आहे.

"भडक" हा आक्षेपही मान्य. मिक हे प्रथिन वाढणाऱ्या बहुतेक पेशींना रोजच्या कामासाठी लागतं. बर्किट लिम्फोमा या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगात आठव्या गुणसूत्राचा तुकडा बहुतेक वेळा चौदाव्यावर जाऊन बसतो, मिकचं जनुक चुकीच्या हुकुमाखाली येतं आणि थांबायचं विसरतं. ते त्या आजाराचं वर्णन झालं, प्रथिनाचा स्वभाव नव्हे. माशीच्या वाढत्या पंखातल्या काही पेशींत मिक वाढवलं, तर नुसत्या तेवढ्याने गाठ होत नाही. ते वाक्य मी काढून टाकलं आहे.

पहिल्या आक्षेपावर मात्र मी माघार घेणार नाही.

माशीचं अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. फलन झाल्यावर त्यातलं केंद्रक एकापाठोपाठ एक तेरा वेळा विभागतं, आणि दोन तासांहून थोड्या जास्त वेळात सुमारे ६००० केंद्रकं तयार होतात. अंडं मात्र होतं तेवढंच राहतं. विभाजन भरपूर, वाढ शून्य. बेडकाच्या अंड्याचंही तसंच, आणि ते चित्र तुम्ही फळ्यावर कितीतरी वेळा काढलं असेल. आता उलट बाजू पाहा. अंड्यातून निघालेली अळी साधारण चार दिवसांत वजनाने दोनशेपट होते. तिच्या बहुतेक पेशी या काळात विभागतच नाहीत. डीएनएच्या प्रती काढत राहतात, फुगत राहतात, दोन मात्र होत नाहीत. लाळग्रंथीतल्या पेशींत असं दहा-एक वेळा होतं आणि हजाराच्या घरात धागे एकमेकांना चिकटून राहतात. आपल्याकडे बीएस्सी प्राणिशास्त्राची मुलं कायरोनोमसच्या अळीची लाळग्रंथी चिरडून जी पट्टेदार जाडजूड गुणसूत्रं पाहतात, ती याच प्रकारची. ही वाढ आहे, आणि तिच्यात विभाजन नाही.

तुम्ही म्हणाल, ही टोकाची उदाहरणं झाली. साध्या अवयवात दोन्ही बरोबरच चालतं. चालतं, खरं आहे. म्हणूनच एकाला दुसऱ्यापासून सोडवून पाहणारा प्रयोग मला इतका मोलाचा वाटतो.

अळीच्या पोटात भावी पंखाची एक चकती असते. सुरुवातीला तिच्यात चाळीस-पन्नास पेशी असतात, चार दिवसांनी सुमारे ५०,०००. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात ब्रूस एडगर यांच्या गटाने १९९८ साली या चकतीतल्या काही मोजक्या पेशींना हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची खूण दिली आणि फक्त त्यांच्याच विभाजनाचा वेग बदलला. वेग वाढवला तेव्हा पेशी जास्त झाल्या, पण प्रत्येक लहान. वेग कमी केला तेव्हा पेशी थोड्या, पण प्रत्येक मोठी. हिरव्या ठिपक्याने व्यापलेली जागा दोन्ही वेळा साधारण तेवढीच! कणिक तेवढीच आहे. वीस पोळ्यांऐवजी चाळीस पुऱ्या लाटल्या म्हणून ती वाढत नाही.

मग कणिक वाढवतं कोण? त्याचं एक उत्तर पुढच्याच वर्षी, १९९९ साली मिळालं. लॉरा जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी याच चकतीत मिक वाढवलं, तेव्हा पेशी आकाराने मोठ्या झाल्या, पण विभागायला त्यांना जवळपास पूर्वीइतकाच वेळ लागला. डीएनएची प्रत काढायची वेळ लवकर आली खरी, पण त्यानंतर प्रत्यक्ष दोन होण्याआधीचा मुक्काम तेवढाच लांबला. कारण त्या दुसऱ्या फाटकाची किल्ली मिककडे नाहीच, ती स्ट्रिंग नावाच्या वेगळ्या प्रथिनाकडे आहे. मिकचं काम केंद्रकात जनुकं चालू करण्याचं, आणि त्यातली पुष्कळशी जनुकं रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिनं बनवणारे कारखाने, उभारण्याशी संबंधित. रायबोसोम जास्त म्हणजे प्रथिनं जास्त, म्हणजे पेशीचा ऐवज जास्त. उलट मिक कमी असलेल्या माशा आधीपासून माहीत होत्या. अंगाने लहान, केस बारीक, म्हणून त्या जनुकाचं नाव डिमिन्युटिव्ह, म्हणजे लहानखुरी. त्या जनुकातून बनणारं प्रथिन म्हणजेच माशीचं मिक, हे १९९६ साली कळलं.

आता हे मला इतकं खात्रीने का वाटतं, ते सांगतो. विद्यार्थी असताना मी काही महिने माशीचे पंख मोजले आहेत. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून बाटल्या भरायच्या, माशा वाढवायच्या, पंख काढून काचपट्टीवर चिकटवायचे. पंखाच्या पात्यावर बारीक केसांची लव असते आणि साधारणपणे एका पेशीतून एकच केस उगवतो. त्यामुळे ठरावीक चौकोनातले केस मोजले की तिथे किती पेशी होत्या ते कळतं. केस विरळ तर पेशी मोठ्या, दाट तर लहान. सारख्याच आकाराच्या दोन पंखांवर केसांची दाटी वेगळी दिसली, त्या दिवशी मी तीनदा पुन्हा मोजलं. तोपर्यंत मीही तुमच्यासारखंच समजत होतो, कारण मलाही तसंच शिकवलं होतं. तेव्हापासून ‘वाढ’ हा शब्द मला सैलपणे वापरता येत नाही.

तिसऱ्या आक्षेपावर तुमची बाजू तुम्ही मांडलीत त्याहून भक्कम आहे, आणि ती मीच मांडतो. २००१ साली आंद्रेआस ट्रंप आणि सहकाऱ्यांनी उंदरात मिकचं प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केलं. उंदीर लहान झाले, माशांसारखेच. पण त्यांच्या पेशी लहान झाल्या नव्हत्या, संख्येने कमी झाल्या होत्या! म्हणजे सस्तन प्राण्यात मिकचा पेशीसंख्येशी असलेला संबंध तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या वाक्याच्या जवळ जातो. तुमच्या विद्यार्थ्याने एकदा विचारलं होतं ना, हत्तीच्या पेशी उंदराच्या पेशींपेक्षा मोठ्या असतात का? यकृताची पेशी घेतली तर फारसा फरक नसतो, फरक असतो तो संख्येत. त्यामुळे "माशीत असं, म्हणून माणसात तसंच" असं माझ्या लेखातून कुणाला वाटलं असेल, तर ती माझ्या लिहिण्यातली उणीव आहे.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. उंदराच्या मिक नसलेल्या पेशी विभागणं थांबवतात. त्यांना माशीचं मिक दिलं तर त्या पुन्हा विभागू लागतात. माशी आणि उंदीर यांचे पूर्वज वेगळे झाले त्याला पन्नास कोटींहून जास्त वर्षं झाली, तरी हे प्रथिन एकमेकांच्या घरात काम करू शकतं. अवजार तेच, ते कुठे आणि कशासाठी चालवायचं ते प्रत्येक प्राण्याचं वेगळं. हा फरक लक्षात यायलासुद्धा आधी माशीत वाढ आणि विभाजन वेगळं करून पाहावं लागलं. तसं पाहिलं नसतं, तर उंदराच्या पेशींचा आकार मोजायचं कुणाला कशाला सुचलं असतं?

मुलांचा गोंधळ होईल, ही तुमची काळजी मला कळते. नववीच्या वर्गात मिक आणि स्ट्रिंग सांगा असं मी म्हणतच नाही. "सजीव पेशीविभाजनाने वाढतो" याऐवजी "पेशी वाढतात आणि विभागतात, म्हणून सजीव वाढतो" एवढं एक क्रियापद जास्तीचं सांगता आलं तर पाहा.

आणि शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर एक करून बघण्यासारखं आहे. थंड जागी वाढलेली ड्रोसोफिला अंगाने मोठी होते आणि तिच्या पंखातल्या पेशीही मोठ्या असतात. जानेवारीत एका बरणीत पिकलेलं केळं ठेवून वर मलमलीचं कापड बांधा, एप्रिलमध्ये दुसऱ्या बरणीत. आधी उघड्या बरणीत चिलटं येऊ द्यायची, मग ती काढून टाकून त्यांची पिल्लावळ वाढू द्यायची. नर आणि मादी वेगळे ठेवा, कारण मादी मुळातच मोठी असते. दोन्ही वेळा पंखाच्या त्याच भागातले, भिंगातून दिसणाऱ्या सारख्याच वर्तुळातले केस मुलांकडून मोजून घ्या. आकडे जे येतील ते, माझ्या म्हणण्याविरुद्ध आले तरी, इथेच खाली लिहा. मी वाट पाहतो.